शरणपुराची वाट

शास्त्रपाठ : गणना ३५:६-१५, अनुवाद १९:१-१३, यहोशवा २०:१-९, लूक २३:१-१५, २ करिंथ ८:१३-१५.

पाठाचा हेतू : संकटात सापडलेल्यांचा भार वाटून घेणे आणि तो दुसऱ्यावर ढकलणे यांतील भेद ओळखणे.



मंडळीच्या कपाटातील जुना पत्रव्यवहार लावून ठेवण्याचे काम मध्यंतरी आमच्याकडे आले. त्यात १९७२ सालची काही पाकिटे निघाली. त्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचे एक लहानसे तिकीट अधिक लावलेले होते. मुळात ते कुटुंबनियोजनाचे तिकीट. त्यावर ‘रिफ्यूजी रिलीफ’ असे शब्द मागाहून छापलेले. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना ते आठवत असेल. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसे जीव वाचवून भारतात आली. त्यांच्या पोषणाचा भार पेलण्यासाठी सरकारने त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून टपालावर हे जादा तिकीट सक्तीचे केले. छावण्या होत्या पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालय या भागांत. पण बेळगावहून इंदूरला किंवा हैदराबादहून बडोद्याला पत्र टाकणाऱ्यालाही त्यात आपले ५ पैसे घालावे लागले. ज्यांच्या दाराशी कोणी निर्वासित आला नव्हता त्यांनीही वाटा उचलला.

ते पाकीट आम्ही शास्त्राभ्यास वर्गात नेऊन दाखवले, तेव्हा बोलणे आजच्या जगाकडे वळले. एका बंधूंनी विचारले, “ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला सुरक्षित जागा मिळाली म्हणजे झाले. ती आमच्याच देशात द्या, असा हट्ट का? श्रीमंत देश जर पैसे देऊन दुसऱ्या एखाद्या देशात त्याची सोय करीत असेल आणि त्याच्या अर्जाची चौकशीही तिकडेच करीत असेल, तर त्यात वाईट ते काय? या तिकिटातूनही पैसेच दिले गेले ना?”

प्रश्न सरळ मनाने विचारलेला होता, आणि आम्ही त्या दिवशी “खरे आहे” असेच म्हणून गेलो. घरी येऊन यहोशवाचा २० वा अध्याय उघडला तेव्हा आपले उत्तर घाईचे झाले असे वाटू लागले. त्या बंधूंना आणि आमच्या वाचकांनाही अधिक विचाराने उत्तर द्यावे म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

१. देवाने नेमलेली सहा नगरे

इस्राएल लोक वचनदत्त देशात वस्ती करू लागले तेव्हा देवाने त्यांना सहा नगरे वेगळी काढण्यास सांगितले. हातून नकळत मनुष्यहत्या घडलेल्या माणसाने सूड घेणाऱ्यापासून पळून तेथे जावे, अशी ती योजना होती. आपल्या मराठी शास्त्रवाचकांना या नगरांचे ‘शरणपूर’ हे नाव परिचित आहे. नाशिक येथे १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीला हेच नाव मिळाले, आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे वाढली, शिकली, हे पुष्कळांना ठाऊक आहे.

आजचा निर्वासित आणि शरणपुराकडे धावणारा तो माणूस एकच नव्हेत, हे आधीच सांगतो. त्या माणसाच्या हातून एकाचा प्राण गेलेला होता. निर्वासिताच्या हातून बहुधा काहीच घडलेले नसते. पण हातून हत्या घडलेल्यासाठीही देवाने इतकी काळजी घेतली, तर निरपराध पळणाऱ्यासाठी आपण किती घ्यावी? या योजनेतील पाच गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट वेशीची. पळून आलेल्याने नगराच्या वेशीपाशी उभे राहून तेथील वडिलांना आपली हकीकत सांगावयाची, त्यांनी त्याला आत घेऊन राहावयास जागा द्यावयाची (यहो. २०:४). पूर्ण न्याय मंडळीपुढे नंतर व्हावयाचा. म्हणजे आधी आसरा, मग निवाडा.

दुसरी गोष्ट निवाड्याची. आत घेतला म्हणजे तो कायमचा सुटला असे नव्हे. ज्याने दबा धरून जाणूनबुजून खून केला असेल त्याला बाहेर काढून स्वाधीन करावे असेही नियमशास्त्र सांगते (अनुवाद १९:११-१३). चौकशी खरी असावी आणि तिचा निकाल “नाही” असाही येऊ शकतो.

तिसरी गोष्ट अंतराची. केदेश, शखेम आणि हेब्रोन ही तीन नगरे यार्देनेच्या पश्चिमेस, तर बेसेर, रामोथ आणि गोलान ही तीन पूर्वेस होती. नकाशावर पाहिले तर उत्तर, मध्य आणि दक्षिण अशी ती पसरलेली दिसतात. वाट लांब पडली तर पाठलाग करणारा गाठील, म्हणून देशाचे भाग पाडून वाटा तयार करण्याची आज्ञा आहे (अनुवाद १९:३,६). वाट जवळची करणे हे धावणाऱ्याचे काम नव्हे. ते काम मंडळीचे.

चौथी गोष्ट वाटणीची. ही सहा नगरे लेव्यांना द्यावयाच्या ४८ नगरांपैकी होती. ती नगरे कोणी द्यावयाची? ज्या वंशाचे वतन मोठे त्याने अधिक द्यावी, ज्याचे लहान त्याने कमी (गणना ३५:८). पुढे देवाने देशाची सीमा वाढवली तर आणखी तीन नगरे जोडावीत असेही सांगितले आहे (अनुवाद १९:८-९). भरभराट झाली की जबाबदारीही वाढते, असा हा हिशेब आहे.

पाचवी गोष्ट अशी की हा आसरा केवळ इस्राएलांसाठी नव्हता. त्यांच्यामध्ये राहणारा उपरी आणि परदेशीय यांनाही तो तितकाच खुला होता (गणना ३५:१५).

२. आज भार कोणाच्या खांद्यावर आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ साली, निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९६७ च्या पुरवणी कराराने तो जगभर लागू होण्याजोगा झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सकारण भीती वाटून जो देशाबाहेर पडला तो निर्वासित, अशी त्यात व्याख्या आहे. जेथे त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला परत लोटू नये, हा त्या कराराचा कणा. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तरी १९५९ नंतर तिबेटी आणि १९७१ साली बंगाली निर्वासितांना आपल्या देशाने जागा दिली.

या करारात एक उणीव राहिली. दाराशी आलेल्याला परत लोटू नये हे ठरले, पण कोणत्या देशाने किती जणांना घ्यावे हे ठरले नाही. त्यामुळे भार शेजाऱ्यावर पडतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे बळजबरीने घरदार सोडून राहत होती. त्यांपैकी जे देशाबाहेर पडले त्यांच्यातील सुमारे दोन तृतीयांश लगतच्या देशातच थांबले होते, आणि १०० पैकी ७३ जण गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत ७ लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात शिरले. कॉक्स बाजार येथील छावण्यांत आज १० लाखांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहतात. १९७१ साली ज्या देशातून लोक आपल्याकडे धावले तोच देश आज दुसऱ्यांना आसरा देत आहे. सर्व वंशांची नगरे एकाच वंशाने द्यावीत, तसा हा प्रकार झाला आहे.

तेव्हा भार वाटून घेणे हे शास्त्राला धरूनच आहे, यात शंका नाही. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला लिहिताना एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी आणि समानता व्हावी असे सांगितले आहे (२ करिंथ ८:१३-१५). प्रश्न एवढाच की वाटून घेणे म्हणजे काय.

३. नाऊरू आणि मानुस

ऑगस्ट २००१ मध्ये ‘टॅम्पा’ नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने हिंदी महासागरात बुडू लागलेल्या होडीतून ४०० हून अधिक माणसांना वाचवले. त्यांत बहुतेक अफगाणिस्तानातील हजारा लोक होते. कप्तानाने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाकडे नेले, पण ऑस्ट्रेलियाने उतरू दिले नाही. सुमारे १३० जणांना न्यूझीलंडने घेतले. बाकीच्यांना प्रशांत महासागरातील नाऊरू या बेटावर पाठवण्यात आले. नाऊरू हे स्वतंत्र राष्ट्र, पण क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावरही अशीच छावणी उघडली. खर्च ऑस्ट्रेलियाचा आणि जमीन दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था २००८ पर्यंत चालली. तेवढ्या काळात १,६३७ जणांना तेथे ठेवले. त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना शेवटी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वगैरे देशांत घरे मिळाली. ज्यांना बाहेर ठेवले त्यांतील बहुतेकांना अखेर आत घ्यावेच लागले. मधली वर्षे मात्र वाया गेली.

२०१२ साली छावण्या पुन्हा उघडल्या आणि १९ जुलै २०१३ रोजी नियम अधिक कडक झाला. यापुढे होडीने येणाऱ्या कोणालाही, तो खरा निर्वासित ठरला तरी, ऑस्ट्रेलियात वसू दिले जाणार नाही असे जाहीर झाले. त्यानंतर ३ हजारांहून अधिक लोक या दोन बेटांवर पाठवले गेले. चौकशी होत होती, “तू निर्वासित आहेस” असा निकालही मिळत होता. पण निकाल घेऊन जावे कोठे, याचे उत्तर नव्हते. फेब्रुवारी २०१४ मध्ये मानुसच्या छावणीत दंगल होऊन एका इराणी तरुणाचा जीव गेला. एप्रिल २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकांना असे कोंडून ठेवणे देशाच्या घटनेविरुद्ध असल्याचा निर्णय दिला आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी ती छावणी बंद झाली.

बेहरूझ बूचानी हा कुर्द पत्रकार २०१३ पासून मानुसवर होता. त्याने मोबाईलवरून तुकड्या-तुकड्यांनी संदेश पाठवून फारसी भाषेत एक पुस्तक लिहिले. जानेवारी २०१९ मध्ये त्या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. लेखकाला मात्र तो घेण्यासाठी त्या देशात पाऊल टाकता आले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तो न्यूझीलंडला पोहोचला आणि २०२० मध्ये तेथे त्याला आश्रय मिळाला.

या लोकांना घेण्यास जग तयार नव्हते असेही नाही. दरवर्षी १५० जणांना घेण्याची तयारी न्यूझीलंडने २०१३ मध्येच दाखवली होती. ऑस्ट्रेलियाने ती स्वीकारली मार्च २०२२ मध्ये. नऊ वर्षे वेस उघडी होती, पण वाट अडवलेली होती.

४. दुसऱ्या बाजूचे म्हणणे

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ऑस्ट्रेलिया हा निर्दय देश आहे असे म्हणणे खरे होणार नाही. तो देश दरवर्षी हजारो निर्वासितांना इतर देशांतील छावण्यांतून सरळ बोलावून वसवतो. होड्या थांबवण्यामागे सरकारने दिलेले एक कारण वजनदार आहे. १९ ऑक्टोबर २००१ रोजी इंडोनेशियाहून निघालेली एक खचाखच भरलेली होडी बुडून ३५३ माणसे मेली. त्यांत लेकुरवाळ्या स्त्रिया आणि लहान मुले पुष्कळ होती. दलाल पैसे उकळतात आणि मोडक्या होडीत माणसे कोंबतात. होडीने येऊन काही मिळत नाही असे एकदा कळले की लोक समुद्रात उतरणार नाहीत आणि बुडणार नाहीत, असा युक्तिवाद आहे. जो बुडणाऱ्याची पर्वा करतो त्याला हे म्हणणे झिडकारता येणार नाही.

पण त्याला आपण शरणपुराचे माप लावून पाहू. धोक्याच्या वाटेने येऊ नका, असे सांगणाऱ्याने बिनधोक वाट दाखवली आहे काय? मोशेला वाट लांब पडण्याची काळजी होती, म्हणून त्याने जवळची वाट करावयास सांगितली. लांब वाटेने धावून थकलेल्याला शिक्षा केली की इतर धावणार नाहीत, असे त्याने म्हटले नाही. एका माणसाला बेटावर झिजत ठेवावयाचे, ते कशासाठी, तर दुसऱ्या कोणी येऊ नये म्हणून! त्या माणसाचे दुःख हे पाटीसारखे उपयोगात आणले जाते. देवाच्या प्रतिरूपाने निर्माण केलेल्या मनुष्याचा असा उपयोग करण्यास आम्हाला शास्त्रात आधार सापडत नाही.

ब्रिटनचे उदाहरणही पाहा. एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनने आफ्रिकेतील रुवांडाशी करार केला. लहान होड्यांनी खाडी ओलांडून येणाऱ्यांना रुवांडाला पाठवावयाचे. चौकशी रुवांडाने करावयाची आणि निर्वासित ठरला तरी त्याने तेथेच राहावयाचे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही योजना बेकायदा ठरवली. तेथील चौकशीत चूक होऊन खऱ्या निर्वासिताला त्याच्या छळ करणाऱ्या देशात परत पाठवले जाण्याचा धोका आहे, हे कारण. सरकारने २०२४ मध्ये नवा कायदा केला, पण जुलैमध्ये सत्तेवर आलेल्या नव्या सरकारने योजनाच रद्द केली. तोवर सुमारे ७० कोटी पौंड खर्ची पडल्याचे त्या सरकारने सांगितले. बळजबरीने एकही माणूस या योजनेखाली रुवांडाला गेला नाही.

आता त्याच रुवांडातील दुसरी व्यवस्था पाहा. लिबियातील बंदिशाळांत मार खात पडलेल्या निर्वासितांना २०१९ पासून विमानाने रुवांडातील गशोरा येथे आणले जाते. तेथे त्यांना राहावयास जागा मिळते, औषधपाणी होते, त्यांची प्रकरणे तपासली जातात आणि मग पुष्कळांना कॅनडा, स्वीडन, नॉर्वे अशा देशांत नेऊन वसवले जाते. देश तोच, आणि चौकशीही श्रीमंत देशाच्या बाहेरच. पण एका व्यवस्थेत माणूस वेशीपासून दूर नेला जातो, दुसरीत वेशीकडे आणला जातो. बाहेर चौकशी करणे हे चांगले की वाईट, असा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. त्या माणसाची वाट जवळ झाली की लांब, हे विचारावे.

५. १९७९ सालचा अनुभव

वाटून घेणे म्हणजे काय, याचे एक मोठे उदाहरण पुष्कळांच्या हयातीतले आहे. १९७५ मध्ये व्हिएतनामचे युद्ध संपल्यावर लोक होड्यांनी देश सोडू लागले. वीस वर्षांत सुमारे ८ लाख माणसे अशी शेजारच्या किनाऱ्यांना लागली. वाटेत किती बुडाली आणि किती चाच्यांच्या हाती सापडली याची मोजदाद नाही. मलेशियाच्या पुलाऊ बिडाँग या चिमुकल्या बेटावर १९७९ च्या मध्यास सुमारे ४० हजार माणसे दाटली होती. शेजारी देश थकले. त्यांनी होड्या परत समुद्रात ढकलण्यास आरंभ केला.

जुलै १९७९ मध्ये ६५ राष्ट्रे जिनीव्हा येथे एकत्र आली. शेजारी देशांनी तात्पुरता आसरा देण्याचे मान्य केले. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इत्यादी दूरच्या देशांनी कायमची घरे देण्याचे मान्य केले, आणि घेऊ इच्छिलेल्यांची संख्या १ लाख २५ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर गेली. इंडोनेशियाने गालांग येथे आणि फिलिपिन्सने बाटान येथे जागा दिली. ज्यांना पुढे दुसऱ्या देशात जावयाचे आहे त्यांनी तेथे थांबावे, भाषा शिकावी आणि तयारी करावी अशी सोय होती. शिवाय व्हिएतनाममध्येच अर्ज देऊन रीतसर विमानाने निघण्याची वाट उघडण्यात आली. या वाटेने पुढे ६ लाखांहून अधिक माणसे होडीत पाय न ठेवता बाहेर पडली. दलालाच्या होडीला हेच खरे उत्तर होते.

ही व्यवस्थाही निर्दोष नव्हती. १९८९ मध्ये दुसरी परिषद होऊन प्रत्येक अर्जाची छाननी सुरू झाली. निर्वासित न ठरलेल्या १ लाखाहून अधिक लोकांना व्हिएतनामला परतावे लागले. काही ठिकाणी छाननीत अन्याय झाल्याच्या तक्रारी होत्या, आणि छावण्यांत वर्षे काढलेली मुले होती. पण शेजाऱ्याने दार उघडे ठेवले ते एका भरवशावर, की दूरचे भाऊ आपला वाटा उचलतील. तो भरवसा बऱ्याच अंशी पुरा झाला.

येथे त्या ५ पैशांच्या तिकिटाचे उत्तर मिळते. तिकीट लावून आपण बंगालला म्हटले की तुझ्या दारी आलेल्यांना तू घेतलेस, हा आमचा वाटा. “आमच्या दारी आलेले तुझ्याकडे पाठवतो, हे घे पैसे”, असे म्हटले नाही. दोन्हीकडे पैसेच दिले गेले. पण पहिल्याने उघडे दार उघडे राहिले आणि दुसऱ्याने आपले दार लावून घेतले.

६. पिलाताची युक्ती

आपल्या प्रभूचेही प्रकरण एकदा असेच दुसरीकडे पाठवले गेले. येशू गालीलातला आहे असे पिलाताच्या कानी आले. गालील हेरोदाच्या अमलाखाली, आणि हेरोद त्या दिवसांत यरुशलेमेतच होता. पिलाताने लागलीच त्याला तिकडे पाठवले (लूक २३:६-७). कायद्याला धरूनच होते ते! हेरोदाने प्रश्न पुष्कळ विचारले, थट्टा केली आणि झगझगीत वस्त्र घालून परत पाठवले. दोघांपैकी कोणालाही त्याच्या ठायी मरणास योग्य असा दोष सापडला नाही (२३:१४-१५), तरी त्याला सोडले कोणीच नाही. लूक एक गोष्ट आवर्जून नोंदवतो : पूर्वी वैरी असलेले हे दोघे त्या दिवशी मित्र झाले. दोन सत्ताधीशांचा समेट झाला, आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न होता तो दोन वाड्यांमध्ये फिरत राहिला.

दोन सरकारांचा करार झाला अशी बातमी वाचली की आम्हाला आता हे वचन आठवते. करार कोणाचा झाला हे वर्तमानपत्र सांगते. मधल्या माणसाचे काय झाले हे आपणास विचारावे लागते.

पण परदेशी सरकारांचा न्याय करून हा पाठ संपवता येत नाही. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब आमच्या गावी आले. दूरच्या प्रांतात दंगलीत घर जळाल्यामुळे ते निघाले होते. भाषा वेगळी, मूल कडेवर. एका रविवारी ते एका मंडळीच्या दाराशी उभे राहिले. “तुमच्या पंथाची उपासना पलीकडच्या चर्चमध्ये होते”, असे त्यांना सांगण्यात आले. पलीकडच्यांनी मूळ मंडळीच्या पाळकांचे पत्र मागितले. जेथे चर्चच जळाले तेथून पत्र कोण देणार? त्यांना पुन्हा पहिल्याच मंडळीकडे पाठवण्यात आले, सोबत चिठ्ठी दिली. चिठ्ठी अदबीने लिहिलेली होती आणि तिच्यात काही खोटे नव्हते. तिसऱ्या रविवारी ते कुटुंब कोठेच दिसले नाही. पुढे ते गाव सोडून गेल्याचे समजले.

ती चिठ्ठी आम्हीच लिहिली होती. शास्त्राभ्यास वर्गात “खरे आहे” म्हणून आम्ही गेलो, त्याचे कारण कदाचित हेच असेल. पौल सांगतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि थोड्याच ओळींनंतर सांगतो की प्रत्येकाने आपला भार वाहावा (गलती. ६:२,५). दोन्ही वचने आम्हाला पाठ होती. पण आमचा भार आम्ही दुसऱ्याच्या नावे लिहून दिला आणि त्याला सहकार्य असे नाव दिले.

७. आपण काय करावे?

(अ) मंडळीत किंवा गावात कोणी आसरा मागत आले, तर प्रथम बसावयास जागा आणि पाणी द्यावे. कागदपत्रे मग पाहावीत. वेशीवरच्या वडिलांचा क्रम तोच होता.

(आ) एकट्या मंडळीला भार झेपत नसेल तर शेजारच्या मंडळीला जरूर बोलवावे. पण माणसाला एकट्याने तिकडे पाठवू नये. आपल्यापैकी कोणीतरी त्याच्याबरोबर जावे आणि दुसऱ्या दाराने त्याला आत घेईपर्यंत परत येऊ नये.

(इ) ज्या मंडळीचे उत्पन्न अधिक तिने अधिक द्यावे. वंशांच्या नगरांचा हिशेब आपल्या वर्गणीलाही लागू आहे.

(ई) निर्वासितांविषयी बोलताना खरे तेच बोलावे. सर्वच येणारे छळलेले असतात असे नाही, आणि सर्वच लबाड असतात असेही नाही. म्हणूनच तर चौकशी हवी.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी : फळ्यावर यार्देन नदी काढून तिच्या दोन्ही बाजूंना सहा नगरे दाखवावीत. एका मुलास नकाशावर कोठेही बोट ठेवावयास सांगून तेथून सर्वांत जवळचे शरणपूर कोणते हे इतरांस विचारावे. मग पश्चिमेकडची तिन्ही नगरे पुसून टाकावीत व तोच प्रश्न पुन्हा विचारावा. वाट लांबणे म्हणजे काय हे मुलांना न सांगता कळेल. बाळ येशूला घेऊन योसेफ व मरीया मिसर देशात गेली ती गोष्ट (मत्तय २:१३-१५) शेवटी सांगावी. मिसराच्या सीमेवर त्यांना कोणी परत पाठवले असते तर, एवढा प्रश्न विचारून थांबावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. शरणपुरात आधी आत घेणे आणि मग न्याय करणे असा क्रम का असावा?

२. गणना ३५:८ मधील वाटणीचा नियम आजच्या राष्ट्रांना लावल्यास कोणावर अधिक भार येईल? आपल्या पास्टोरेटातील मंडळ्यांना लावल्यास काय दिसेल?

३. होड्या बुडू नयेत म्हणून लोकांना बेटावर ठेवणे आणि होडीची गरज पडू नये म्हणून दुसरी वाट उघडणे, यांत काय फरक आहे?

४. “हे आमच्याकडे येत नाही” असे आपण शेवटचे कोणाला म्हणालो? तो माणूस पुढे कोठे गेला हे आपणास ठाऊक आहे काय?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तुझ्या पुत्राला लहानपणी परक्या देशात आसरा घ्यावा लागला आणि मरणाच्या दिवशी एका दारातून दुसऱ्या दारी फिरावे लागले. आज जी माणसे बेटांवर, छावण्यांत आणि सीमांवर उत्तराची वाट पाहत आहेत त्यांचे रक्षण कर. जे त्यांचा न्याय करतात त्यांना सत्य ऐकण्याचे धैर्य दे. ज्यांना आम्ही गोड शब्दांनी दारातून परतवले त्यांच्याविषयी आम्हाला क्षमा कर, आणि पुढच्या वेळी उठून त्यांच्याबरोबर चालण्यास आम्हाला शक्ती दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.